साथीचे रोग आणि वार्धक्य : महाराष्ट्रातील तीन साथींचा भाषिक अंगाने विचार

१

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना रोगाचा उगम, मृत्यूंची संख्या, शासनाचे उपाय आणि त्या उपायांना झालेला विरोध ह्या चार गोष्टींकडे इतिहासकारांचे लक्ष प्रथम जाते. ते स्वाभाविक आहे, कारण दप्तरांतून ह्याच गोष्टी नोंदलेल्या असतात. परंतु साथीच्या काळात माणसाच्या मनाची अवस्था काय होती आणि रोग होऊ नये म्हणून त्याने आपल्या रोजच्या सवयींत कोणते बदल केले, ह्यांचा शोध दप्तरांतून सहसा लागत नाही. वृद्धांच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच जाणवते. मृत्यूच्या कोष्टकात त्यांचा एक वयोगट असतो. त्यापलीकडे साथीच्या इतिहासात त्यांचा स्वतंत्र उल्लेख क्वचितच आढळतो.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे एक साधन भाषा हे आहे. लोक रोगाला काय नाव देतात, उपायाला काय म्हणतात, आणि मनाची व्यथा कोणत्या शब्दांत सांगतात, ह्यांवरून त्यांच्या समजुतींचा आणि भीतीचा बराचसा माग लागतो. प्रस्तुत निबंधात १८९६-९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोविड ह्या महाराष्ट्राने अनुभवलेल्या तीन साथींचा ह्या दृष्टीने विचार केला आहे. वृद्ध माणसाने आरोग्यरक्षणाच्या नव्या सवयी केव्हा स्वीकारल्या, केव्हा नाकारल्या आणि ह्या स्वीकार-नकाराचा त्याच्या मानसिक स्वास्थ्याशी काय संबंध होता, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतर काही महिन्यांतच शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर रोगही मुलखात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. त्यानंतर पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली व मार्चपासून घरझडतीच्या कामी गोऱ्या सैनिकांची योजना झाली. पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकर ह्यांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

ह्या राजकीय घटनांच्या मागे घराघरांत काय घडत होते ते पाहिले पाहिजे. सैनिक घरात शिरत, देवघर व स्वयंपाकघर तपासत, रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत. संशयित घरातील चीजवस्तू जाळल्या जात, जमिनी उकरल्या जात, उजेड यावा म्हणून कौले काढली जात आणि भिंतींना चुना फासला जाई. मुंबईत २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला, त्याच्या मुळाशीही हीच भीती होती. इस्पितळ म्हणजे बरे होण्याची जागा ही कल्पना त्या पिढीला अपरिचित होती. तेथे माणूस जातो तो परत येत नाही, असाच समज होता.

वृद्धांच्या दृष्टीने ही भीती निव्वळ मरणाची नव्हती. मरण त्यांना अपरिचित नव्हते. भीती होती ती मरण्याच्या रीतीची. आपल्या घरी, आपल्या माणसांत, तोंडात तुळशीपत्र व गंगोदक पडून देह ठेवावा आणि मुलाने अग्नी द्यावा, ही ज्यांची आयुष्यभराची धारणा, त्यांना परक्यांच्या हाती, परजातीच्या स्पर्शात, कोणाचेही दर्शन न होता मरणे हे मरणाहून वाईट वाटत असे. रोगी लपविणे, शव घराच्या आवारातच पुरणे, अशा ज्या गोष्टी अधिकाऱ्यांना केवळ अज्ञानाच्या व हट्टाच्या वाटल्या, त्यांचा उलगडा ह्या भीतीवाचून होत नाही.

ह्याच काळाशी संबंधित असलेल्या शब्दांकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. प्लेगला पंडितांनी 'ग्रंथिक सन्निपात' असे नाव दिले; सामान्यांच्या तोंडी 'पिलेग' किंवा 'गाठीचा रोग' हेच राहिले. पटकी, मरी, जरीमरी, देवी ही जुन्या रोगांची नावे पाहता त्यांतील बहुतेक रोग देवतारूप पावलेले दिसतात. मरीआई, जरीमरी, शीतला ह्या देवता कोपतात, त्यांना शांत करावे लागते आणि मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर लोटला की रोग गेला, अशी रचना होती. ह्या रचनेत वृद्धांना निश्चित स्थान होते. कोणता नवस बोलायचा, शीव कोठे आहे, पूर्वीच्या साथीत काय केले होते, हे त्यांनाच ठाऊक असे. प्लेगचे नवे नाव कोणत्याही देवतेशी जोडलेले नव्हते. कमिटी, छावणी, इन्स्पेक्शन ह्या शब्दांनी उभारलेल्या नव्या जगात वृद्धांच्या जाणतेपणाला काही किंमत उरली नाही. ते जाणते होते, ते केवळ 'तपासण्याचे' झाले.

आणि तरीही त्या जाणतेपणात काही ग्राह्य अंश होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे व माळावर झोपड्या घालून राहावे, हा उपाय प्लेगच्या प्रदेशांत लोक स्वतःहून करीत. कुमाऊँ व गढवालच्या डोंगराळ मुलखात तर हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत होता. तेथील लोक त्याला 'महामारी' म्हणत आणि उंदीर मरताच गाव सोडून जात. पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, आणि १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या कार्याने तो सिद्धांत दृढ झाला. म्हणजे ज्या वेळी शासन माणसांना माणसांपासून तोडीत होते, त्या वेळी गावातील म्हातारी माणसे घर व उंदीर ह्यांपासून दूर जाण्यास सांगत होती. आणि गाठीच्या प्लेगपुरते पाहता दुसरा उपाय पहिल्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होता. पुढे शासनानेही गाव रिकामे करण्याच्या उपायाला उत्तेजन दिले. त्या उपायाला पूर्वीसारखा विरोध झाला नाही, कारण तो लोकांच्या ओळखीचा होता आणि त्यात कुटुंब एकत्र राहात होते.

लशीच्या बाबतीतही शब्दांचा इतिहास बोलका आहे. वाल्देमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मराठीत 'लस' ह्या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून किंवा पुटकुळीतून येणारा पातळ स्राव असा आहे; देवीच्या लसीकरणापासून तो औषधाला लागला. ते लसीकरण मात्र लोकांनी 'देवी टोचणे', 'देवी काढणे' ह्या नावांनी आपलेसे केले होते. १८०२ मध्ये मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेल्यापासून नव्वदांहून अधिक वर्षांच्या काळात हे घडले. जो उपाय देवीच्या नावाने आला तो घरात शिरला. प्लेगच्या लशीला असे घरगुती नाव मिळण्यास अवधीच नव्हता. ती टोचल्यावर ताप येई व वेदना होत, आणि ती ज्या शासनाकडून येई त्याच शासनाचे शिपाई घरझडती घेत असत. अशा स्थितीत वृद्धांनी ती नाकारली असल्यास त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणता येणार नाही.

त्या साथीत वृद्धत्वाची एक निराळी प्रतिमाही दिसते. सावित्रीबाई फुले त्या वेळी ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत ह्यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणण्याचे काम करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला असे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या साथीत वृद्धांकडे केवळ तपासणीचा व काळजीचा विषय म्हणून पाहिले गेले, त्याच साथीत एका वृद्ध स्त्रीने शुश्रूषा करणाऱ्याची भूमिका पत्करली. पुढील विवेचनासाठी हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची पहिली लाट आली व ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसऱ्या लाटेने मात्र हाहाकार केला. ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईत एकाच दिवसात सातशेहून अधिक माणसे दगावली. हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, ही गोष्ट शिरगणतीतच नमूद आहे. महाराष्ट्रात ह्या रोगाला 'मानमोडी' असे नाव पडले. येथे देवता नाही, विलायती नावही नाही. रोगाने शरीराचे काय होते तेवढेच त्या नावाने सांगितले आहे.

मानमोडीचे वैशिष्ट्य असे की तिचा आघात मुख्यतः २० ते ४० ह्या वयोगटावर झाला. वृद्धांना त्यामानाने कमी झळ लागली. त्यांच्या तरुणपणी येऊन गेलेल्या तत्सम विषाणूंमुळे त्यांच्यात काही प्रतिकारशक्ती असावी, असे एक अनुमान आहे. मृत्यूंच्या कोष्टकाकडे पाहून एखादा अभ्यासक म्हणेल की ही साथ वृद्धांना अनुकूल होती. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे होते. कर्ता मुलगा व सून गेल्यावर नातवंडांना वाढविण्याचे काम आजी-आजोबांकडे आले. ज्यांनी खांद्यावरून न्यायचे तेच आधी गेले. ज्यांनी जायचे ते मागे राहिले.

अशा दुःखाला मराठीत शास्त्रीय परिभाषा नव्हती, परंतु ते सांगणारे शब्द पुष्कळ होते. 'हाय खाणे', 'धसका घेणे', 'झुरणे', 'अंथरूण धरणे', 'अन्न गोड न लागणे' हे वाक्प्रचार केवळ अलंकार नाहीत. ते मनोव्यथेचे एक प्रकारचे निदान आहे. 'धसक्याने गेला' असे म्हणताना बोलणारा मृत्यूचे कारण सांगत असतो. मन आणि देह ह्यांना वेगळे न काढता, मनातील आघात देहावर उमटतो, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले असते. ह्यांतील बहुतेक प्रयोगांत क्रियापद देहाचे आहे: खाणे, धरणे, लागणे. वृद्धांची मानसिक व्यथा देहाच्या भाषेत बोलते, ही गोष्ट पुढे २०२० मध्ये फार महत्त्वाची ठरली.

त्या काळात शासनयंत्रणा युद्धामुळे क्षीण झाली होती. औषधे वाटणे, दूध व कपडे पुरविणे, रोग्यांची विचारपूस करणे ही कामे मुंबईत ना. म. जोशी ह्यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या स्वयंसेवी संस्थांनी मोठ्या प्रमाणावर केली. १८९७ च्या तुलनेत १९१८ मध्ये मृत्यू कितीतरी पटींनी अधिक होऊनही तसा प्रक्षोभ उसळला नाही. ह्याची कारणे अनेक आहेत. परंतु दाराशी येणारा माणूस शिपाई नसून आपल्याच भाषेत बोलणारा स्वयंसेवक होता, हे त्यांपैकी एक कारण मानण्यास हरकत नाही.

४

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची साथ जागतिक असल्याचे घोषित केले. त्याच आठवड्यात पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आढळले होते, आणि १३ मार्चला राज्यात १८९७ चाच कायदा लागू करण्यात आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. 'टाळेबंदी' हा शब्द मराठीत नवा नव्हता. गिरणीमालक कामगारांना बाहेर ठेवून गिरणी बंद करीत, त्या कृतीचे ते नाव होते. आता तोच शब्द माणसांना आत ठेवण्यासाठी वापरला गेला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांची हयात गेली अशा वृद्धांच्या कानांना त्या शब्दात रोजगार बुडण्याचा जुना अर्थ ऐकू येणे साहजिक होते.

ह्या साथीत वयाचा क्रम १९१८ च्या अगदी उलट होता. मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढत गेला. महाराष्ट्रात नोंदलेल्या सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यूंत वयस्कांचे प्रमाण मोठे होते. म्हणून ६५ वर्षांवरील सर्वांनी घरातच राहावे, असा आदेश आरंभीच निघाला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आदेशाची व्याप्ती कळते. आदेशामागील हेतू रक्षणाचा होता आणि त्याला वैद्यकीय आधारही होता. परंतु रक्षणाचा मार्ग म्हणून जे एकटेपण सांगितले गेले, त्याचेही परिणाम शरीर-मनावर होतात.

येथे दोन शब्दांचा विचार प्राप्त आहे. पहिला शब्द 'सामाजिक अंतर'. मूळ इंग्रजी परिभाषेचे हे शब्दशः भाषांतर होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ती परिभाषा बदलून 'शारीरिक अंतर' असा अर्थ देणारा शब्द सुचविला. कारण अंतर देहांत हवे होते, संबंधांत नव्हे. महाराष्ट्रात ह्या दुरुस्तीला अधिकच महत्त्व होते. ज्या समाजात विटाळ, सोवळे व शिवाशीव ह्यांच्या नावाने अंतर पाळण्याचा इतिहास आहे, तेथे 'सामाजिक अंतर' हा शब्द निरुपद्रवी असू शकत नाही. काहींनी सोवळ्याची प्रथा म्हणजे आरोग्यशास्त्रच होते असे म्हणण्यास सुरुवात केली. हे मत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. सोवळे जातीवरून व जन्मावरून ठरे, रोगावरून नव्हे. निरोगी माणसाचाही त्यात विटाळ होई आणि रोगी स्वकीयाचा होत नसे. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची सवय आरोग्याची आहे. ती जातिभेदापासून वेगळी काढूनच सांगितली पाहिजे.

दुसरा शब्द 'विलगीकरण'. 'अलगीकरण' व 'विलगीकरण' असे दोन शब्द शासकीय व्यवहारात आले. रोगाचा संशय असलेल्याला दूर ठेवणे आणि रोग झालेल्याला दूर ठेवणे ह्या दोन निराळ्या कृतींसाठी ते उपयोगी पडले असते. व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, आणि सामान्य बोलीत दोहोंसाठी 'क्वारंटाइन' हाच शब्द रूढ झाला. परिणामी धडधाकट म्हातारा आणि रोगी म्हातारा ह्यांत भाषेने भेद ठेवला नाही. घरात राहण्यास सांगितलेल्या वृद्धाला आपण रोगी आहोत, किंवा इतरांना रोग देणारे आहोत, असे वाटू लागणे ह्यातून सुलभ झाले.

आरोग्यरक्षणाच्या सवयींचा विचार करता असे दिसते की ज्या सवयी जुन्या वळणाच्या होत्या त्या वृद्धांनी सहज उचलल्या. हातपाय धुणे, हस्तांदोलनाऐवजी नमस्कार, काढा, हळदीचे दूध ह्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नाही. काढ्याने कोविड टळतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु आपणही काही करू शकतो, हा धीर त्यातून मिळत असे. मुखपट्टीची गोष्ट निराळी होती. चष्म्यावर वाफ धरणे आणि दम लागणे ह्या अडचणी सर्वांना दिसल्या; एक अडचण मात्र फारशी चर्चिली गेली नाही. ज्यांना कमी ऐकू येते ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून अर्धे बोलणे समजून घेतात. मुखपट्टीने ओठ झाकले आणि आवाजही दबला. कमी ऐकणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने मुखपट्टीआडचा डॉक्टर व परिचारिका ही जवळजवळ मुकी माणसे होती. आपल्याला काय सांगितले जात आहे हे न कळणे, ही भयाची मोठी जननी आहे.

सर्वांत कठीण होते ते सहवासाच्या सवयी सोडणे. सकाळचे फिरणे, बागेतील कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, भजनी मंडळ, देऊळ ही वृद्धांच्या दिनक्रमाची खुंटी असते. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० पासून १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद होती. आषाढी वारीचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. आळंदी व देहूहून पायी जाणाऱ्या पालख्या २०२० मध्ये एस.टी.च्या गाडीतून, मोजक्या लोकांसह पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२१ मध्येही पादुका गाडीनेच गेल्या. वारीत वृद्धांचा भरणा मोठा असतो. ज्याची वारी वर्षानुवर्षे चुकली नाही, त्याच्या दृष्टीने हा कालगणनेचाच भंग होता. तरीही वारकऱ्यांनी ही बंदी सामान्यतः शांतपणे मानली. पादुका पंढरपूरला जात आहेत, परंपरा तुटलेली नाही, केवळ आपण घरून तीत सहभागी आहोत, अशी तिची मांडणी करता आली. सवय सोडावी लागली, परंतु तिचा अर्थ सोडावा लागला नाही.

५

वृद्धांच्या मनःस्थितीविषयी मात्र एक सर्वसाधारण समज तपासून पाहिला पाहिजे. वृद्ध माणूस साथीत सर्वाधिक खचतो, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जून २०२० मध्ये केलेल्या पाहणीत मानसिक त्रासाची किमान एक तक्रार सांगणाऱ्यांचे प्रमाण १८ ते २४ वयोगटात ७४.९ टक्के, तर ६५ वर्षांवरील गटात १५.१ टक्के आढळले. ह्यावरून वयाबरोबर येणारी सोशिकता व अनुभव ह्यांचा काही उपयोग होतो, असे अनुमान निघते. परंतु अशी पाहणी प्रश्नावलीवर अवलंबून असते आणि प्रश्नावली शब्दांवर. 'तुम्हाला नैराश्य वाटते का?' ह्या प्रश्नाला महाराष्ट्रातील सत्तरीची स्त्री बहुधा 'नाही' असेच उत्तर देईल. तिच्या भाषेत 'नैराश्य' हा शब्द ग्रंथातला आहे. तीच स्त्री 'करमत नाही', 'झोप लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडते' असे म्हणत असते. तेव्हा आकडा कमी येणे आणि व्यथा कमी असणे ह्या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत.

ही शंका निराधार नाही, हे हाँगकाँगच्या अनुभवावरून दिसते. तेथे २००३ मध्ये सार्सच्या साथीत १,७५५ रुग्ण व २९९ मृत्यू झाले. त्याच वर्षी ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या आत्महत्यांचे प्रमाण वाढल्याचे तेथील संशोधकांना आढळले. रोग होण्याची भीती, कुटुंबावर आपला भार होईल ही चिंता आणि तुटलेला सहवास ही कारणे त्यांच्या अभ्यासातून पुढे आली. त्याच शहराने सार्सपासून मुखपट्टीची सवय अशी आत्मसात केली की २०२० च्या आरंभी कोणी सांगण्याआधीच लोकांनी ती लावली. परंतु लशीच्या बाबतीत तेथील वृद्ध मागे राहिले. दुष्परिणामांच्या भीतीने ८० वर्षांवरील बहुसंख्यांनी २०२१ च्या अखेरीपर्यंत पहिली मात्राही घेतलेली नव्हती. २०२२ च्या पाचव्या लाटेत तेथे नऊ हजारांच्या आसपास मृत्यू झाले, त्यांत वृद्धांचेच प्रमाण प्रचंड होते. एक सवय अंगवळणी पडली म्हणून दुसरीही पडेलच असे नाही. प्रत्येक सवयीबद्दलचा विश्वास स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.

महाराष्ट्रात १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. केंद्रांवर वृद्धांची मोठी गर्दी झाली, म्हणजे १८९७ सारखा सार्वत्रिक नकार आता नव्हता. मध्यंतरीच्या काळात देवीचे निर्मूलन व पोलिओची मोहीम ह्यांनी 'लस' हा शब्द घरगुती केला होता. अडथळा आला तो अन्यत्र. नोंदणी भ्रमणध्वनीवर करावयाची असल्याने अनेकांना मुलानातवंडांवर अवलंबून राहावे लागले, आणि जे अंथरुणाला खिळले होते त्यांच्यापर्यंत लस पोहोचण्यास विलंब लागला. मुंबई उच्च न्यायालयात ह्या प्रश्नावर याचिका झाली व २०२१ च्या उत्तरार्धात मुंबईत अशा व्यक्तींना घरी जाऊन लस देण्यास आरंभ झाला. नकार नसताना केवळ मार्ग नसल्यामुळे वृद्ध मागे राहतात, ही गोष्ट ह्यावरून स्पष्ट होते.

६

तिन्ही साथींच्या तुलनेतून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की रोगाचा वयाशी असलेला संबंध दर साथीत बदलतो, परंतु वृद्धांचे मानसिक क्लेश त्या प्रमाणात कमी-अधिक होत नाहीत. मानमोडीत वृद्ध वाचले आणि तरीही त्यांच्या वाट्याला शोक आला. कोविडमध्ये त्यांचे रक्षण झाले आणि तरीही त्यांच्या वाट्याला एकांत आला. दुसरा असा की प्रतिबंधाची सवय, ती जुन्या सवयीच्या शेजारी बसू शकली, तर लवकर रुजते. माळावरच्या झोपड्या, देवी टोचणे आणि हातपाय धुणे ही त्याची उदाहरणे होत. मात्र जुन्या सवयींतील अन्याय्य भाग वगळण्याची जबाबदारी त्याबरोबरच येते. तिसरा निष्कर्ष असा की वृद्ध माणूस जेथे उपायाचा कर्ता असतो तेथे तो टिकतो, आणि जेथे तो केवळ उपायाचा विषय होतो तेथे तो विरोध करतो किंवा खचतो. सावित्रीबाई रोग्यांना आणीत होत्या, त्याच महिन्यात पुण्यात घरोघरी म्हाताऱ्यांना बाहेर काढून तपासले जात होते. एकाच शहरातील ही दोन चित्रे ह्या भेदाचे स्वरूप दाखवितात.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झालेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्यसेवा भारतीय भाषांतून उत्तर देते, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु मराठीतून उत्तर देणे आणि वृद्धांच्या मराठीतून उत्तर देणे ह्यांत अंतर आहे. 'करमत नाही' म्हणजे नेमके काय, 'धसका' व 'काळजी' ह्यांत फरक कोणता, कोकणातील वृद्ध मनाची व्यथा ज्या शब्दांत सांगतो ते शब्द वऱ्हाडात चालतात काय, ह्यांचा पद्धतशीर संग्रह झाल्यास मनोविकारांच्या प्रश्नावल्या अधिक विश्वसनीय होतील. १८९७ ची आठवण सांगणारे आज कोणी उरलेले नाही, आणि मानमोडी पाहिलेली पिढीही गेली. कोविडचे दिवस सत्तरीत किंवा ऐंशीत काढलेली माणसे मात्र अजून आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व 'फेस्कॉम' ह्या त्यांच्या महासंघाच्या साहाय्याने, निरनिराळ्या जिल्ह्यांतून त्यांचे कथन त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करण्याचे काम भाषा, इतिहास व मानसशास्त्र ह्या विभागांनी एकत्र येऊन हाती घेण्यासारखे आहे. काही वर्षांनी ते करता येणार नाही.